पिवळा दिवा लागला, आता आधी काय बघायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे क्षणभर लागतात. त्यात इंजिनच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो. इंजिन सुरू झालं की तो विझतो. विझला नाही, किंवा चालत्या गाडीत अचानक लागला, तर काय करायचं ते आज बघू. कागद-पेन जवळ असेल तर बरं, कारण मधे काही आकडे येणार आहेत.

आधी एक गल्लत दूर करू. तेलाच्या किटलीचं चित्र असलेला लाल दिवा वेगळा. इंजिन चालू असताना तो लागला तर ऑइलचं प्रेशर गेलंय असं धरा. गाडी बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद करा, पुढच्या पेट्रोल पंपापर्यंतही जाऊ नका. थर्मामीटरसारखा लाल दिवा म्हणजे इंजिन तापलंय, तिथेही थांबायचंच. पिवळ्या दिव्याचा मूळ हेतू धुराच्या नियमांशी जोडलेला आहे. धूर मर्यादेबाहेर जाईल असा बिघाड इंजिनच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, दिसला की तो हा दिवा लावतो. दिवा स्थिर आहे, गाडी नेहमीसारखी ओढतेय, आवाज बदललेला नाही, तर सावकाश घरी जाता येतं. तपासणी मात्र त्याच आठवड्यात करून घ्या.

हाच दिवा लुकलुकायला लागला तर गोष्ट तातडीची होते. एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन जळतच नाहीये, गॅरेजच्या भाषेत गाडी मिसिंग करतेय. ते न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर असलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. कन्व्हर्टरच्या आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप असतो. अति उष्णतेनं ती जाळी वितळते. कसाऱ्याचा किंवा खंडाळ्याचा घाट चढताना, इंजिनवर भार असताना, हे हमखास दिसतं. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा, सुरक्षित जागा बघून थांबा आणि गाडी टो करून न्या. स्पार्क प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या एका कॉइलचा खर्च वाचवायला जाऊन कन्व्हर्टरचा खर्च ओढवून घेऊ नका.

आता कोड, म्हणजे बिघाड दिसला की ईसीयू नोंदवून ठेवतो तो क्रमांक. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी, १६ पिनांचं एक सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ते सक्तीचं झालं. आपल्याकडे बीएस-४ या धुराच्या नियमांच्या गाड्यांना ही तपासयंत्रणा पूर्ण स्वरूपात एप्रिल २०१३ पासून आली, आणि एप्रिल २०२० नंतरच्या प्रत्येक बीएस-६ मोटारीत ती आहेच. गॅरेजमधला स्कॅनर तिथेच लावतात. ब्लूटूथनं मोबाइलला जोडणारा छोटा ॲडॅप्टरही तिथेच बसतो, आणि घरच्या तपासणीला तो पुरतो. किल्ली ऑन करून कोड वाचायचा. पी अक्षरापुढे चार चिन्हं दिसतात. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स. पुढचं शून्य असेल तर कोड सर्व कंपन्यांना समान, एक असेल तर बहुधा त्या कंपनीचा स्वतःचा.

आता जे सांगतोय ते सर्वांत महत्त्वाचं. कोड लक्षण सांगतो, खराब झालेल्या पार्टचं नाव सांगत नाही. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचं नाव कोडमध्ये आलं म्हणून सेन्सर बदलला, आणि आठ दिवसांनी दिवा पुन्हा लागला, हे गॅरेजात रोज घडतं. सेन्सर बिचारा खरी बातमी देत असतो.

पी-०११३ चं उदाहरण घ्या. इंजिनमध्ये जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा हा कोड. स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे चालू आकडे, उघडला तर तापमान उणे ४० अंश दिसतं. मे महिन्यात नागपुरात उणे ४०! याचा सरळ अर्थ असा की सर्किट कुठेतरी तुटलंय. सेन्सर मागवण्याआधी त्याचा कनेक्टर काढून पिनांना हिरवट गंज चढलाय का बघा, आणि वायर बोटांनी चाचपत मागे जा. पावसाळ्यात उबेला आलेले उंदीर बॉनेटखाली वायरी कुरतडतात, त्यामुळे पार्किंगमधल्या गाड्यांत हे फार होतं. कूलंटच्या तापमानाचा पी-०११८ कोडही याच जातीचा. हे दोन्ही सेन्सर पारखायची सोपी वेळ म्हणजे सकाळ. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू न करता फक्त किल्ली ऑन करा. कूलंट आणि हवा, दोघांचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. दहा-पंधरा अंशांचा फरक असेल तर एक सेन्सर खोटं बोलतोय.

मिसिंगचे कोड पी-०३०० पासून सुरू होतात. ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, ०३०३ म्हणजे तिसरा. नुसतं ०३०० असेल तर मिसिंग एकाच सिलिंडरला चिकटलेलं नाही, म्हणून इंधनाचं प्रेशर किंवा हवेची गळती आधी बघा. समजा ०३०३ आलाय आणि प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे. इंजिन थंड होऊ द्या, किल्ली काढा. तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर बसवा. कोड पुसा, गाडी चालवा. आता ०३०१ आला तर कॉइलच खराब. ०३०३ तिथेच राहिला तर तीच अदलाबदल स्पार्क प्लगची करा. तरीही जागचा हलला नाही तर इंजेक्टर, आणि शेवटी कम्प्रेशन. पार्टला एक रुपया न घालता निदान अर्ध्यावर येतं. कॉइल काढताच प्लगच्या खड्ड्यात नजर टाका. पाणी असेल तर ते इंजिन वॉशिंगचं किंवा पावसाचं, तेल असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गेलंय.

सीएनजी गाड्यांना इथे एक जादा प्रश्न विचारावा लागतो: दिवा गॅसवर चालताना लागला की पेट्रोलवर? गॅस पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून झिजून गॅप वाढलेला प्लग पेट्रोलवर निभावून नेतो आणि गॅसवर मिसिंग करतो. दोन दिवस निव्वळ पेट्रोलवर चालवून बघा. तक्रार गेली तर आधी प्लग, मग गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर आणि गॅसचे इंजेक्टर.

पी-०१७१ मध्ये जरा खोलात जायला हवं. मिश्रण पातळ आहे, हवा जास्त आणि इंधन कमी, असं हा कोड म्हणतो. लाइव्ह डेटात फ्युएल ट्रिमचे, म्हणजे ईसीयू इंधन किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय त्याचे, दोन आकडे बघा, तात्पुरता आणि दीर्घकालीन. दोन्हींची बेरीज साधारण अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. अधिक २० किंवा २५ दिसलं तर ईसीयू जादा इंधन ओतून कमतरता भरून काढतोय. आत जाणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत आयडलिंगला आकडा मोठा आणि अडीच हजार आरपीएमवर जवळपास शून्य झाला, तर इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढतंय. ब्रेक बूस्टरचा होज, पीसीव्हीचा (इंजिनच्या आतल्या वाफा परत ओढणाऱ्या व्हॉल्व्हचा) होज, मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीचं) गॅस्केट तपासा. सुरू इंजिनवर साबणाचं पाणी सांध्यावर थोडंसं फवारा, इलेक्ट्रिक कनेक्टर वाचवून. आवाज बदलला तिथे गळती. याउलट रेस केल्यावर, चढावर आकडा वाढत गेला तर एअर फ्लो सेन्सर मळलाय किंवा पेट्रोल पंप दमलाय. बऱ्याच छोट्या गाड्यांत एअर फ्लो सेन्सर नसतो, मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे गळतीनं ट्रिमपेक्षा आयडलिंगच वाढतं. अशा गाडीत पी-०१७१ आला तर फ्युएल प्रेशर आणि पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधीची एक्झॉस्टची गळती बघा.

कन्व्हर्टर नीट काम करत नाही असं सांगणारा पी-०४२० आला की कन्व्हर्टर बदलायला सांगतात. थांबा. कन्व्हर्टर आपोआप क्वचितच मरतो. आधीचं मिसिंग किंवा ऑइल जाळणारं इंजिन त्याला मारतं, आणि ते कारण तसंच राहिलं तर नवाही जाईल. जुना पोकळ करून पुन्हा बसवण्याचा सल्ला तर कुणाचाही मानू नका. तो बेकायदा आहे आणि विषारी धूर आपल्याच मुलाबाळांच्या नाकात जातो.

इंटरनेटवर एक सल्ला सारखा भेटतो: पेट्रोल टाकीचं झाकण घट्ट करा. तो अमेरिकेतल्या गाड्यांना लागू पडतो, कारण तिथे टाकीच्या वाफेची गळती तपासण्याची सक्ती आहे. आपले नियम युरोपच्या धर्तीवर आहेत, बहुतेक गाड्यांत ती तपासणीच नसते.

बीएस-६ डिझेल गाड्यांचं वेगळं दुखणं म्हणजे डीपीएफ, काजळीचा फिल्टर. तो आतली काजळी जाळून स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी इंजिन तापलेलं हवं. त्याचा दिवा लागला की मोकळ्या रस्त्यावर ताशी ६०च्या वर, एकसारख्या वेगानं, १५ ते २० मिनिटं चालवा. मधेच बंद केलं तर सफाई अर्धवट राहते. वारंवार तसं झालं तर डिझेल ऑइलमध्ये उतरतं, आणि डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं. ते वाढणं शुभ नव्हे.

बॅटरीची वायर काढून दिवा घालवायची सवय सोडा. कोड नोंदवताना वेग, आरपीएम, तापमान यांची एक नोंदही ईसीयू ठेवतो, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. ती मेकॅनिकसाठी सोन्यासारखी. वायर काढली की ती पुसली जाते. त्यापेक्षा बॅटरीच मोजा: उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. हे आकडे कमी असतील तर भलतेच कोड एकदम उगवतात. दुरुस्ती खरोखर झाली असेल तर दिवा सहसा सलग तीन व्यवस्थित फेऱ्यांनंतर आपला आपण विझतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी शेवटचं. किल्ली फक्त ऑन करा आणि पिवळा दिवा लागतो का बघा. लागलाच नाही, तर तो कुणीतरी काढून टाकलेला असू शकतो. लागून विझला, तरी स्कॅनरवर रेडिनेस मॉनिटर, म्हणजे ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या का याची यादी, बघा. बहुतेक ठिकाणी अपूर्ण असं दिसलं तर कोड नुकतेच पुसलेत. मालकाला सांगा, दोन-तीन दिवस गाडी नेहमीसारखी चालवा. मग पुन्हा स्कॅनर लावा, आणि त्यानंतरच टोकन द्या.

नमस्कार.