ऑटो-पे बंद केला, मग करार संपला का?

नमस्कार. गेल्या काही व्हिडिओंखाली एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत सतत विचारला जात आहे: "मी ऑटो-पे केव्हाच बंद केला आहे, तरीही कंपनी माझ्याकडे पैसे कसे मागते?" कोणी ब्रॉडबँडबद्दल विचारतो, कोणी वॉटर प्युरिफायरच्या वार्षिक देखभाल कराराबद्दल, कोणी पेस्ट कंट्रोलबद्दल, तर कोणी घराला बसवलेल्या सुरक्षा अलार्मबद्दल. सेवा वेगवेगळ्या असल्या तरी घोळ एकाच जागी होतो आहे, आणि म्हणून आज बाकीच्या गोष्टी भराभर सांगून बराचसा वेळ मी त्या एका जागेसाठी राखून ठेवणार आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा. या वाहिनीवर मी कोणत्याही सेवेची शिफारस करत नाही आणि कोणाकडून कमिशनही घेत नाही. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, सेवांची तुलना करून दाखवणाऱ्या अनेक संकेतस्थळांचे उत्पन्न तुम्ही तेथून केलेल्या नोंदणीवर अवलंबून असते. करारात शिरण्याचा मार्ग ती उत्तम दाखवतात, बाहेर पडण्याच्या मार्गाबद्दल मात्र फारसे बोलत नाहीत. अमेरिकेत १९३६ साली स्थापन झालेल्या कन्झ्युमर्स युनियन या ग्राहक संघटनेने आपल्या मासिकात जाहिराती घ्यायच्या नाहीत असे ठरवले, त्यामागे हाच विचार होता: ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याच्या उणिवा मोकळेपणाने सांगता येत नाहीत.

आता प्राथमिक गोष्टी. करार किती काळाचा आहे, त्यापैकी किमान बंधनाचा म्हणजे लॉक-इनचा काळ किती, सुरुवातीचा सवलतीचा दर संपल्यावर दर किती होणार, आणि दर मध्येच वाढवण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवला आहे का, एवढे सही करण्यापूर्वी पाहावे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. देखभाल करारात कोणते भाग वगळले आहेत ती यादी आधी वाचावी, कारण "सर्वसमावेशक" म्हणवणाऱ्या करारातही फिल्टर, मेम्ब्रेन, प्लास्टिकचे भाग किंवा एसीचे गॅस चार्जिंग बाहेर ठेवलेले असू शकते. "४८ तासांत प्रतिसाद" या आश्वासनाचा अर्थ तेवढ्या वेळात कोणीतरी तुमच्या तक्रारीची दखल घेईल इतकाच असतो, दुरुस्ती पूर्ण होईल असा नसतो. विक्री प्रतिनिधीने तोंडी दिलेले आश्वासन लेखी करारात नसेल, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, म्हणून त्याला तेच वाक्य ईमेलवर लिहून मागावे. बहुतेक वेळा तो लिहून देत नाही, आणि त्या आश्वासनाची किंमत तेथेच कळते.

आता मुख्य मुद्दा. पैसे देणे थांबवले म्हणून करार संपत नाही.

या व्यवहारात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे तुमचा आणि कंपनीचा करार, ज्यानुसार कंपनी सेवा देणार आणि तुम्ही ठराविक काळ पैसे देणार. दुसरी म्हणजे तुम्ही बँकेला दिलेली परवानगी, जिच्या आधारे ठरलेल्या तारखेला खात्यातून रक्कम वळती होते. ऑटो-पे बंद करताना तुम्ही ही दुसरी व्यवस्था मोडता. ती मोडण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, परंतु बँक काही तुमच्या वतीने कंपनीला "यांना करार पुढे चालवायचा नाही" असे कळवत नाही. करार जिथल्या तिथे राहतो, फक्त पैसे पोहोचण्याची वाट बंद होते.

हेच कंपनीच्या बाजूने पाहा. त्यांच्या संगणकावर त्या दिवशी "ग्राहकाने सेवा सोडली" अशी नोंद होत नाही, "रक्कम वसूल झाली नाही" अशी होते. त्यानंतरचे सगळे यंत्रवत चालते: आधी स्मरणपत्र, मग विलंब शुल्क, मग सेवा स्थगित, आणि काही काळाने थकबाकीचे प्रकरण वसुली करणाऱ्या संस्थेकडे. सर्वांत जास्त फसवणूक होते ती "सेवा स्थगित" या टप्प्यावर. इंटरनेट बंद झाले, अलार्मचा दिवा विझला, की ग्राहक सुटकेचा निःश्वास टाकतो आणि प्रकरण मिटले असे समजतो. वास्तविक सेवा स्थगित असतानाही कराराची मुदत चालूच राहू शकते, आणि लॉक-इनच्या काळातील दरमहा शुल्क खात्यावर चढत राहते.

तिसऱ्या बाजूनेही पाहू, म्हणजे वाद झाल्यावर तो ज्याच्यासमोर जाईल त्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या बाजूने. त्याच्यापुढे दोन कागद आले. एका ग्राहकाने अमुक तारखेला रद्द करण्याची सूचना दिली आणि त्यानंतर कंपनीने पैसे कापले. येथे कंपनीला उत्तर द्यावे लागेल. दुसऱ्या ग्राहकाने कोणतीही सूचना दिली नाही, फक्त पैसे देणे थांबवले. येथे पहिला प्रश्न ग्राहकालाच विचारला जाईल. दोघांचीही इच्छा सेवा सोडण्याचीच होती. पण एकाच्या हातात तारीख असलेला कागद आहे आणि दुसऱ्याच्या नावावर थकबाकी.

माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत नेमके हेच घडले. तिने घर बदलले, जुन्या घरातील ब्रॉडबँडचे ऑटो-पे बंद केले आणि राउटर एका खोक्यात घालून माळ्यावर टाकून दिला. कनेक्शन बंद पडले, तेव्हा तिला सगळे आटोपल्यासारखे वाटले. पुढे कित्येक महिन्यांनी वसुलीचे पत्र आले, त्यात उरलेल्या मुदतीचे शुल्क होते, विलंब शुल्क होते आणि परत न केलेल्या राउटरची पूर्ण किंमतही होती. तिची थोडीफार सुटका झाली ती एका जुन्या चॅटमुळे. घर सोडण्याआधी तिने कंपनीच्या ॲपवर "मी ही जागा सोडत आहे, जोडणी कायमची बंद करायची आहे" असे लिहिले होते आणि पलीकडून "आपली विनंती नोंदवली आहे" असे उत्तर आले होते. त्या चॅटचा स्क्रीनशॉट ईमेलला जोडून तिने वाद घातला, तेव्हा ती विनंती सूचना म्हणून धरली गेली आणि सूचनेच्या मुदतीनंतरची रक्कम वगळण्यात आली. राउटरचे पैसे मात्र तिला भरावेच लागले, कारण तो दिल्याचा काहीही पुरावा नव्हता. अर्थात, तो दिलेलाच नव्हता.

यावर एका प्रेक्षकाने रागाने लिहिले आहे की, "सेवा वापरलीच नाही, तर पैसे कसले?" राग समजण्यासारखा आहे, पण अशा करारात तुम्ही बहुधा वापराचे पैसे देत नसता, सेवा उपलब्ध ठेवण्याचे देत असता. देखभाल करारात वर्षभर यंत्र बिघडले नाही म्हणून शुल्क परत मिळत नाही, तसेच हे आहे. त्याच करारात ठरलेल्या नियमित तपासणीच्या भेटी न झाल्यास मात्र तुमचा दावा पक्का होतो, म्हणून तंत्रज्ञ स्वतःहून येण्याची वाट न पाहता त्या भेटी लेखी मागून घ्याव्यात.

दुसरी एक प्रतिक्रिया वारंवार येते: "मी कस्टमर केअरला फोन करून सांगितले होते." याबद्दल मला थोडे कडक बोलावे लागेल. फोनवरचा प्रतिनिधी "हो, झाले" म्हणाला हा पुरावा नव्हे. त्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण असलेच तर ते कंपनीकडे असते, तुमच्याकडे नसते. फोन जरूर करावा, परंतु तो संपण्याआधी विनंतीचा क्रमांक मागून घ्यावा आणि लगेच त्या क्रमांकाचा उल्लेख करून ईमेल पाठवावा. क्रमांक देता येत नाही असे उत्तर आले, तर विनंती नोंदवलीच गेली नाही असे समजावे.

याच फोनवर आणखी एक गोष्ट घडते, जिच्याकडे फारच कमी लोक लक्ष देतात. तुम्ही सोडून जाण्याचे नाव काढले की प्रतिनिधी सवलत देऊ करतो: तीन महिने निम्मा दर, किंवा तपासणीची एक भेट मोफत. घ्यायची तर अवश्य घ्या, पण त्या सवलतीबरोबर लॉक-इन नव्याने सुरू होते का, हे आधी विचारा. जुना करार संपायला महिना उरलेला असताना नव्या वर्षभराच्या बंधनात अडकलेले कितीतरी लोक मला लिहितात, आणि त्यांपैकी अनेकांना आपण नवा करार केला आहे याची कल्पनाही नसते.

आता तारखांकडे वळू, कारण सूचना देणाऱ्यांचीही चूक येथे होते.

(पडद्यावर कलमाचा नमुना: "मुदत संपण्याच्या किमान ३० दिवस आधी लेखी सूचना प्राप्त न झाल्यास हा करार त्याच अटींवर पुढील एका वर्षासाठी आपोआप नूतनीकृत होईल.")

समजा, करार १० जूनला सुरू झाला आणि पुढच्या वर्षी ९ जूनला संपतो. ग्राहकाच्या डोक्यात तारीख असते ९ जून. कलमानुसार महत्त्वाची तारीख आहे १० मे, कारण ९ जूनच्या ३० दिवस आधी १० मे येते. शिवाय "प्राप्त" या अटीमुळे १० मे रोजी टपालात टाकलेले पत्र १३ मे रोजी पोहोचले, तर ते उशिरा आले असे कंपनी म्हणू शकते. म्हणून मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये आठवण लावायची ती ९ जूनची नव्हे, १० मेचीही नव्हे, तर एप्रिलच्या अखेरची. काही करारांत सूचनेचा महिना पुढच्या बिलाच्या तारखेपासून मोजला जातो. बिल दर १ तारखेला येत असेल आणि तुम्ही १२ ऑगस्टला सूचना दिली, तर मोजणी १ सप्टेंबरपासून सुरू होऊन सेवा ३० सप्टेंबरला संपते, आणि तोवरचे शुल्क तुम्हीच द्यायचे असते.

आपोआप होणाऱ्या नूतनीकरणाचा हा जाच अनेक देशांच्या कायद्यांनी ओळखला आहे. जर्मनीत १ मार्च २०२२ पासून केलेल्या ग्राहक करारांचे मूक नूतनीकरण केवळ अनिश्चित काळासाठी होऊ शकते आणि ग्राहक एक महिन्याची सूचना देऊन केव्हाही बाहेर पडू शकतो. शिवाय १ जुलै २०२२ पासून तेथे ऑनलाइन होऊ शकणाऱ्या करारांसाठी संकेतस्थळावर रद्द करण्याचे बटण ठेवावे लागते. फ्रान्सने १ जून २०२३ पासून अशीच ऑनलाइन सोय बंधनकारक केली. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाची दिशाभूल करणारे १३ डार्क पॅटर्न, म्हणजे संकेतस्थळ किंवा ॲपमधील फसव्या रचना, सांगितल्या आहेत, आणि सदस्यत्व रद्द करणे मुद्दाम अवघड करून ठेवण्याचा त्यांत समावेश आहे. अमेरिकेत रद्द करणे सोपे करणारा नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाला, पण जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने तो रद्द ठरवला. तेव्हा तुमच्या देशात आज काय लागू आहे ते तपासा. मात्र या नियमांपैकी एकही असे म्हणत नाही की ग्राहकाने काही न कळवता पैसे थांबवले तरी चालेल.

आता क्रम सांगते, कारण बहुतेक जण तो उलटा करतात. आधी लेखी सूचना, मग तिची पोच, मग उपकरण परत करणे, मग अंतिम बिल, आणि सर्वांत शेवटी ऑटो-पे बंद. सूचनेचा मजकूर लांबलचक नसावा. तीन वाक्ये पुरतात.

(पडद्यावर: "माझा ग्राहक क्रमांक अमुक आहे. करारातील कलम अमुकनुसार मी हा करार अमुक तारखेपासून समाप्त करण्याची सूचना देत असून त्याचे नूतनीकरण करू नये. कृपया समाप्तीची तारीख आणि देय असलेली अंतिम रक्कम लेखी कळवावी.")

यात सेवा किती वाईट होती याचा पाढा वाचू नका. तक्रार आणि सूचना एकाच ईमेलमध्ये मिसळल्या, तर कंपनी त्याला तक्रार म्हणून क्रमांक देते, "आपली समस्या सोडवली आहे" असे उत्तर पाठवते, आणि रद्द करण्याचा भाग बाजूलाच राहतो. ईमेल त्याच पत्त्यावर पाठवावा जो करारात सूचनेसाठी दिला आहे. समाजमाध्यमांवर कंपनीला टॅग करून लिहिलेली पोस्ट सूचना ठरेलच असे नाही.

उपकरण परत करताना त्याच्या मागचा अनुक्रमांक पावतीवर लिहून घ्या आणि अडॅप्टर व रिमोट दिल्याचीही नोंद करवून घ्या, कारण अंतिम बिलात नेमका अडॅप्टरच "अप्राप्त" म्हणून निघतो. कुरिअरचा माणूस पावती देत नसेल, तर उपकरण त्याच्या हाती देण्यापूर्वी अनुक्रमांक दिसेल असे छायाचित्र काढा आणि कुरिअरचा क्रमांक जपून ठेवा.

सूचना देऊनही, ऑटो-पे बंद करण्याआधीच कंपनीने समाप्तीच्या तारखेनंतर पैसे कापले, तर बँकेकडे जाण्याची वेळ आता येते. सूचनेची पोच आणि समाप्तीची तारीख दाखवून त्या वजावटीला हरकत घ्या, परवानगी तेथेच रद्द करा आणि कंपनीला परताव्याची लेखी मागणी पाठवा. आज ऑटो-पे आधीच बंद करून बसलेल्यांनी सूचना आजच पाठवावी. थकबाकी निघाली असेल, तर सूचनेच्या तारखेपर्यंतचा आणि तिच्या नंतरचा हिशेब वेगवेगळा मागावा, म्हणजे कोणती रक्कम मान्य करायची आणि कोणत्या रकमेवर वाद घालायचा हे ठरवता येते.