आयरिश भाषेतले ‘सु’ आणि ‘दु’

नमस्कार श्रोतेहो.

आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवे, केरी, डोनेगलच्या किनाऱ्यावरच्या काही गावांत आजही आयरिश ही घरात बोलली जाणारी भाषा आहे. या भाषेत एक म्हण आहे: ‘नील सी गन लोख्त’. म्हणजे, ज्याच्यात काही खोट नाही असा शहाणा सापडायचा नाही. ‘सी’ म्हणजे जाणता माणूस. आणि मूर्खाला काय म्हणतात? ‘दी’.

हे दोन्ही शब्द वापरून वापरून झिजले आहेत. त्यांचं जुनं रूप शोधत गेलं की ‘सु’ आणि ‘विद्’, ‘दु’ आणि ‘विद्’ असे तुकडे हाती लागतात. हा ‘विद्’ तोच, आपल्या विद्येतला आणि विद्वानातला! मला तर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दूरच्या गावी अचानक आतेभाऊ भेटावा तसं झालं.

आतेभाऊच म्हणतो, कारण हे शब्द संस्कृतातून तिकडे गेलेले नाहीत. दोन्ही भाषांची पणजी एक. तिच्याकडून ‘सु’ आणि ‘दुस्’ दोघींनाही वारशाने मिळाले. आयरिश ज्या कुळातली, त्या केल्टिक भाषांचं संस्कृतशी नातं असावं, असं भाषाअभ्यासक विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्यात सुचवलं होतं. पुढे 1838 मध्ये जर्मन भाषाशास्त्रज्ञ फ्रांझ बॉप यांनी ते नीट मांडून दाखवलं.

आयरिशमध्ये ‘दुस्’मधला ‘स्’ मात्र गळाला. सतत ‘सु’च्या जोडीने वावरून त्यानेही ‘सु’चंच वळण उचललं. आज लिहिताना ‘सो’ आणि ‘दो’ लिहितात. ‘सोलेर’ म्हणजे स्पष्ट, ‘दोलेर’ म्हणजे धूसर. ‘सॅव्हिर’ श्रीमंत, ‘दॅव्हिर’ गरीब. ‘सोना’ सुखी, ‘दोना’ वाईट.

क्रियापदांपाशी तर ही जोडी अजून जोमाने काम करते. ‘देन्ता’ म्हणजे केलेलं. त्याला ‘दो’ लागला की ‘द’ मऊ पडतो आणि शब्द होतो ‘दोयेन्ता’: करायला अशक्य. आपला ‘दुष्कर’ अगदी असाच घडलेला आहे, श्रोतेहो. ‘सोलेत्ये’ म्हणजे सहज वाचता येणारं. शाळेत गुरुजी बजावायचे ना, ‘सुवाच्य अक्षरात लिहा’? तेच ते.

एक शब्द मात्र मला सगळ्यांत जवळचा वाटतो. मित्राला आयरिशमध्ये ‘कारा’ म्हणतात. त्याला ‘सु’ जोडून जुन्या आयरिशमध्ये एक शब्द झाला. त्याचा अर्थ, पाठीशी उभा राहणारा मित्रांचा जमाव. सैन्यालाही तो वापरत. आजच्या आयरिशमध्ये त्याचं रूप आहे ‘सोख्रिद’. अर्थ आहे अंत्ययात्रा.