भाडं मालकाचं, वाळवी कोणाची?

[दृश्य: गिरगाव. चाळीचा जिना खालून वर. जिन्याखालचा लाकडी खांब.]

हा खांब लांबून अजून धडधाकट दिसतो. तेलरंगाचे कितीतरी थर चढलेत त्याच्यावर, कुठे पोपटी, कुठे पिवळा. ज्याच्या घरी लग्न निघालं त्याने त्या वर्षी रंग लावला, अशी इथली पद्धत. मिस्त्री आता स्क्रूड्रायव्हरची मूठ त्यावर आपटणार आहेत. आवाज ऐका.

[दृश्य: ठोकण्याचा आवाज. निवेदन नाही.]

डोक्याच्या उंचीवर ठणठणीत वाजलं, गुडघ्यापाशी भद्द. मग टोक आत गेलं, थेट मुठीपर्यंत, आणि मिस्त्रींनी जोरही लावलेला नाही. बाहेर पडली ती ओलसर माती. वाळवी लाकूड खात जाते, मागे माती भरत जाते आणि वरचा रंगाचा पापुद्रा तेवढा शाबूत ठेवते. खांब गेलाय हे वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानात येत नाही ते यामुळे.

पण सागवान वाळवीला सहसा दाद देत नाही. मुंबईच्या जुन्या चाळींच्या खांब-तुळयांना ब्रह्मदेशातून आलेला साग वापरलेला आढळतो, आणि त्या सागाच्या गाभ्याला वाळवी तोंड लावायला बघत नाही. मग हा खांब कसा गेला? मिस्त्रींनी रंग खरवडून दाखवला. ही तिरकी रेघ बघा. रेघेच्या वरचं लाकूड मूळचं, खालचं नंतरचं. मधल्या काळात कधीतरी खांबाचा पाय कुजला, तेव्हा कुजका भाग कापून हलक्या लाकडाचा जोड दिला गेला. पैसे वाचले. वाळवीने खाल्लाय तो हा जोड. रेघेपाशी येऊन ती थांबली आहे.

[दृश्य: भिंतीवरची मातीची नळी, अगदी जवळून.]

ही नळी जमिनीतून निघते आणि भिंतीवरून पहिल्या मजल्याकडे जाते. नखाने फोडली की आत पांढुरक्या, मऊ अंगाच्या कामकरी वाळव्या. त्यांना डोळे नसतात. कोरडी हवा लागली तर अंगातला ओलावा उडून मरतात, म्हणून जाईल तिथे हा मातीचा बोगदा बांधत जायचं. वस्ती खाली, लादीच्याही खाली, जमिनीत. फोडलेली नळी त्या पुन्हा बांधतात. तळमजल्यावरच्या आजोबांनी झाडूने ती कितीदा पाडली याचा हिशोब त्यांच्याकडेही नाही.

वाळवीला लाकूड लागतं, तितकीच ओल लागते. ओल कुठून येते ते बघायला नळीच्या मागोमाग वर जाऊ.

[दृश्य: पहिला मजला. न्हाणीघर. लाद्यांच्या सांध्यांतून झिरपणारं पाणी.]

ही काकूंची न्हाणी. लाद्यांचे सांधे उघडे पडलेत, खालचा शिशाचा जुना पाइप घाम फुटल्यासारखा ओला. इथलं पाणी भिंतीत जातं, भिंतीतून खांबाच्या पायाशी. वाळवीचा प्रश्न म्हणून ज्याच्याकडे सगळे बघत होते तो निघाला गळक्या न्हाणीचा. चाळीत सगळ्यांना हे केव्हाचं माहीत आहे. भांडण दुरुस्ती कोणी करायची यावर आहे.

भाडं न्यायला मेहता, म्हणजे मालकाचा कारकून, येतो. काकू सांगतात, त्याचं उत्तर दर वेळी एकच, “न्हाणी तुम्ही वापरता, तुम्हीच करा.” काकूंनी स्वतःच्या पैशाने लाद्या बदलायला काढल्या, तर मालकाच्या वकिलाची नोटीस आली: परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केल्याबद्दल जागा खाली का करू नये. करायचं तुम्ही, आणि केलंत तर जागा सोडायची!

ही नोटीस लोक घाबरून कपाटात ठेवतात. म्हणून थोडं थांबून सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या १६ व्या कलमात, मालकाच्या लेखी संमतीविना पक्कं बांधकाम उभारणं हे जागा खाली करून घेण्याचं एक कारण आहे, हे खरं. पण पक्क्या बांधकामात काय धरायचं नाही, हेही त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, दरवाजा, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी बसवणं: पालिकेची परवानगी जिथे लागते तिथे ती घेतली, की ही कामं पक्कं बांधकाम ठरत नाहीत. ओटा बांधायची मुभा देणारा कायदा चार फुटलेल्या लाद्या बदलल्या म्हणून बिऱ्हाड रस्त्यावर काढेल का, हा प्रश्न काकूंनी आम्हाला विचारला. तो त्या वकिलांना विचारायला हवा.

[दृश्य: भाडेपावत्यांचा गठ्ठा. रबरबँड सोडणारे हात.]

या पावत्या. जुन्या हाती लिहिलेल्या, अलीकडच्या छापील. आकडे बघून नव्या पिढीला हसू येतं. एवढ्यात वडापावाच्या गाडीवर चार माणसांचा नाश्ता होईल. आकडा असा गोठला कसा? दुसरं महायुद्ध चालू होतं, मुंबईत जागा मिळेना, तेव्हा भाड्यावर बंधनं आली, आणि पुढे १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं हेच प्रमाण भाडं धरलं. तात्पुरती म्हणून केलेली ही सोय मुदतवाढीवर मुदतवाढ घेत राहिली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडी अशी गोठवून ठेवणं अवाजवी असल्याचं म्हटलं. मग १९९९ चा कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि दरसाल ४ टक्के वाढ घेण्याचा हक्क मालकाला मिळाला. त्याच कायद्याने पागडीलाही, म्हणजे खोली देता-घेताना भाड्याशिवाय घेतल्या जाणाऱ्या रकमेलाही, मान्यता दिली.

या भाड्यात इमारत सांभाळणं परवडत नाही, असं मालक सांगतात. आकडा बघता ते खोटं म्हणता येणार नाही. पण खोली हस्तांतरित होताना पागडीतला वाटा त्यांच्याकडे जातो, त्याचीही पावती एकदा बघायला मिळाली असती तर बरं झालं असतं. मालक कॅमेऱ्यासमोर यायला तयार झाले नाहीत.

[दृश्य: रात्र. चाळीमागची गल्ली. बॅटरीचा झोत, काठी.]

रात्री अकरानंतर इथे दुसरे भाडेकरू बाहेर पडतात. मागच्या गल्लीत गटाराचं झाकण फुटलंय, तिथे घुशींनी बिळं केलीत. हे पालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कामगार. बॅटरी, काठी आणि पोतं. एका रात्रीत तीस उंदीर, असं यांच्या कामाचं माप सांगितलं जातं. डोळ्यांवर झोत पडला की उंदीर क्षणभर गोठतो, तेवढ्यात काठी.

[दृश्य: काठीचा फटका. गल्लीतून पुढे जाणारी पाठमोरी आकृती. नंतर प्लेगच्या काळातील छायाचित्रं.]

उंदीर आणि भाड्याची खोली यांचं मुंबईत जुनं नातं आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत, गोदीलगतच्या धान्याच्या वखारींच्या त्या दाटीत, ग्रंथिक ज्वराचे रोगी डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी तपासले आणि हा प्लेग आहे असं सांगितलं. व्हिएगस मूळचे गोव्यातले, हडफड्याचे. माणसं मरण्याआधी वखारींत उंदीर मरून पडत होते. पण उंदरावरच्या पिसवेमुळे रोग माणसात येतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये दाखवलं, आणि ते पटायलाही बरीच वर्षं गेली. तोवर सरकारने घरं धुतली, चुना लावला, कौलं काढून आत ऊन सोडलं, सामान जाळलं. पुण्यात घरझडतीचं काय झालं ते कुणाला सांगायला नको.

मुंबईत १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. गल्ल्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले, समुद्राचा वारा शहरात यावा म्हणून. उठवलेल्या लोकांसाठी ट्रस्टने चाळी बांधल्या. ‘बीआयटी चाळ’, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची चाळ, हे नाव तिथून आलं. खोलीत वारा आणि उजेड किती यावा, हे तेव्हा सरकारने मोजलं. खोली धड ठेवायची जबाबदारी कोणाची, हे मात्र घरोघरच्या भांडणावर सोडलं.

[दृश्य: सकाळ. पेस्ट कंट्रोलवाल्यांचं सामान. ड्रिल.]

आता काम. भाडेकरूंनी वर्गणी काढून पेस्ट कंट्रोलवाले बोलावलेत. भिंत आणि लादी जिथे मिळतात त्या कडेने बारा मिलिमीटरची भोकं पाडतात, फूटभर अंतराने. प्रत्येक भोकात औषधाचं पाणी, साधारण लिटरभर, दाबाने. नळी उघड्यावर फवारून काही होत नाही, वस्ती खालच्या मातीत आहे. औषध मातीत मुरलं पाहिजे. पूर्वी बाजारात असं औषध मिळायचं की वाळवी त्याच्यापासून दूर पळायची आणि शेजारच्या खोलीत निघायची. हल्ली इमिडाक्लोप्रिड वापरतात. त्याचा वाळवीला पत्ता लागत नाही, ती त्यातून फिरते आणि अंगावरून वस्तीत घेऊन जाते.

[दृश्य: ड्रिलचा आवाज. भोकाभोवती उडणारी धूळ. आजोबा खुर्ची उचलून बाजूला होतात.]

लाकडात भोकं बारीक आणि तिरपी पाडतात, औषध ओघळून आत उतरावं म्हणून. मग पांढऱ्या सिमेंटने बुजवतात. बघा, हे बुजवताना कामगार बोट ओलं करून वरून फिरवतो, भोक कुठे होतं ते सापडू नये इतकं सफाईदार. आजोबांनी त्याला विचारलं, पुन्हा होणार नाही ना? तो म्हणाला, “काका, वरचं पाणी बंद करा आधी.”

म्हणून न्हाणीही उकलली. शिशाचा पाइप काढला, नवा टाकला, खाली वॉटरप्रूफिंग, वर लाद्या. खांबाचा खालचा जोड कापून लोखंडी गर्डर बसवेपर्यंत हे टेकू राहतील. तुळया, खांब हे काम उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सेस भरणाऱ्या, इमारतीत म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेच्या दुरुस्ती मंडळाकडे जातं. मालकांचा हात त्याच दिशेला असतो: सेस भरता ना, मग म्हाडात जा. अर्ज गेलाय.

[दृश्य: टेबलावर नोटीस, बिलं, कॅल्क्युलेटर.]

यातली नोटीस काकूंनी मालकाला दिलेली, काम सुरू होण्याआधीची, आणि हे कागद आमच्या मते या चित्रफितीत सगळ्यात महत्त्वाचे. १९९९ च्या कायद्याचं १४ वं कलम. करारात वेगळं ठरलं नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. त्याने केलं नाही, तर किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, पोस्टाने किंवा अन्य रीतीने, एकट्याने किंवा सगळ्यांनी मिळून. नंतर वाजवी वेळ जाऊ द्यायचा. तरी हालचाल नाही, तर दुरुस्ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करायचा. हिशोब आणि बिलं नीट ठेवली, तर खर्चाचा तोच निर्णायक पुरावा, मालकालाही तो बांधील. सामाईक दुरुस्ती असेल तर वर सालीना १५ टक्के सरळव्याज.

इतकं चांगलं कलम चाळीचाळीतून पाठ का नाही? त्यात एक परंतुक, म्हणजे ‘परंतु’ने सुरू होणारी अट, आहे. वर्षाला वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये. काकूंनी कॅल्क्युलेटरवर केलेला हिशोब पडद्यावर आहे. महिना दोनशे रुपये भाडं धरा, वर्षाचे चोवीसशे, त्याचा चौथा भाग सहाशे. न्हाणीचा खर्च साठ हजार. फिटायला शंभर वर्षं!

भाडं १९४० च्या हिशोबाचं आणि प्लंबर आजच्या हिशोबाचा, ही मेख या परंतुकात आहे. ते बदलायला हवं, असं आम्हाला वाटतं. तोवरही नोटीस द्यावीच. उद्या धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात उभं राहायची वेळ आली, तर ‘परवानगीशिवाय बांधकाम’ या आरोपासमोर ठेवायला ‘नोटीस देऊन दुरुस्ती’ असा तारखेचा कागद हातात असतो. काकूंनी पाइप काढण्याआधी आणि नंतरचे फोटोही फाइलला लावलेत.

तळमजल्यावरच्या दोन बिऱ्हाडांनी मात्र टेकू लागल्यावर जागा सोडली.

[दृश्य: डोंबिवली. सोसायटीतला फ्लॅट. पलंगाची गादी उभी केलेली.]

त्यातलं एक इथे आलंय, लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं राहायच्या परवानगीवर, अकरा महिन्यांच्या करारावर. फ्लॅट फर्निचरसकट मिळाला, आणि फर्निचरसकट हेही. गादीच्या शिवणीतले काळे ठिपके बघा, ही ढेकणांची विष्ठा. पलंगाच्या फळ्या जुळतात त्या खाचेत स्वतः ढेकूण. महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो, घर रिकामं होतं हे सांगून उपयोग नाही.

करारात छोटी दुरुस्ती भाडेकरूकडे, मोठी मालकाकडे. ढेकूण कुठेच नाहीत. मालक म्हणतात, गिरगावातून तुमच्या गाठोड्यांबरोबर आले. इथे राहायला आलेल्या वहिनी म्हणतात, गाठोडी दिवाणखान्यात सोडली, ढेकूण तुमच्या पलंगात निघाले. अशा वेळी दोन गोष्टी कामाला येतात. एक, किल्ली हातात आली त्या दिवशीचे फोटो, सामानाच्या यादीसकट. वहिनींनी ते काढले होते. दुसरी, करार नोंदवलेला असणं. १९९९ च्याच कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल, तर कोणत्या अटींवर जागा घेतली याबद्दल राहणारा सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकांनी इथे नोंदणी केलीय, तेवढं त्यांचं श्रेय.

पहिली फवारणी झाली. औषधाने अंडी मरत नाहीत. ती आठवडा-दहा दिवसांत फुटतात, म्हणून पंधरवड्याने दुसरी फवारणी लागतेच. पहिलीचे निम्मे पैसे मालकांनी दिलेत. दुसरीचे डिपॉझिटमधून कापायचे, असा त्यांचा मेसेज आहे. वहिनींनी त्याखाली पलंगाचा फोटो पाठवलाय.