कपाट आधी, दुकान नंतर

श्रोतेहो, नमस्कार. कपड्यांनी गच्च भरलेल्या कपाटासमोर उभे राहून ‘घालायला काहीच नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा ते खोटे नसते. आतले कितीतरी कपडे आपल्या आजच्या अंगाला किंवा कामाला जुळत नसतात आणि उरलेले कशावर काय घालावे हे सुचत नाही म्हणून तसेच राहतात. अशा वेळी पर्सनल स्टायलिस्टची, म्हणजे कपडे निवडायला आणि जुळवायला सल्ला देणाऱ्या व्यक्तीची, मदत कशी घ्यावी, याविषयी आज मी स्वतःच्या अनुभवावरून बोलणार आहे.

तीस वर्षे मी साडी नेसून कचेरीत गेले. निवृत्तीनंतर रोजचा दिवसच बदलला. पण कपाट मात्र कचेरीतच राहिले. पहिल्यांदा ज्या सल्लागार बाईंकडे गेले, त्यांनी माझे कपाट न पाहताच मला दुकानात नेले. सहा कुर्ते घेऊन मी घरी आले; त्यांतल्या चारांची घडी अजून मोडलेली नाही. दुकानाकडून त्यांना विक्रीवर दलाली मिळते, हे मला मागाहून कळले. म्हणून, श्रोतेहो, पैसे वेळेचे घेणार की खरेदीवर, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारून घ्यावे. त्यात संकोच वाटण्यासारखे काहीही नाही.

दुसरी स्टायलिस्ट, एक तरुण मुलगी, सकाळी घरी आली. तिने पलंग खिडकीजवळ ओढायला सांगितला, कारण ट्यूबलाइटच्या उजेडात कापडाचा रंग फसवतो. मग सगळे कपाट पलंगावर रिकामे केले आणि एकेक वस्त्र माझ्या चेहऱ्याजवळ धरून ती विचारू लागली, “काकू, ही शेवटची कधी नेसलात?” उत्तरे देता देता माझ्याच लक्षात आले की माझ्या बहुतेक साड्या साडीमुळे नव्हे, ब्लाउजमुळे अडकून पडल्या होत्या. तिने एक ब्लाउज उलटा करून शिवणीच्या आतले कापड दाखवले. चांगला शिंपी बाजूला इंचभर तरी जास्तीचे कापड दुमडून ठेवतो. त्याला तो ‘माया’ म्हणतो, आणि पुढेमागे अंग भरले तर कामी येणाऱ्या त्या कापडाला याहून नेमका शब्द मला सुचत नाही. अकरा ब्लाउजांपैकी सात ब्लाउज माया उसवून पुन्हा अंगात बसले. दोन मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, इतके घट्ट होते की तिथे माया पुरली नाही, आणि उरलेल्या दोघांचे कापडच विरले होते.

पैठणी मात्र पाहून ती गप्प झाली. वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिल्याने जर त्या रेषेवर तुटू लागली होती आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडल्यामुळे रेशमाला वास लागला होता. जरीची साडी सुती कापडात गुंडाळावी, दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी आणि डांबरगोळी जरीला टेकू देऊ नये, हे आईने मलाही सांगितले होते. नोकरीच्या धावपळीत ते राहून गेले, याचे मला खरेच वाईट वाटले.

संध्याकाळपर्यंत बोहारणीला द्यायचा ढीग वेगळा झाला. विकत घ्यायच्या वस्तू दोनच निघाल्या: पाच साड्यांवर चालेल असा साधा काळा सुती ब्लाउज आणि कुर्त्याखाली घालायला मापाची सरळ पँट. पुढच्या आठवड्यात ती माझ्याबरोबर दुकानात आली, ती एवढ्यापुरतीच.

शेवटी राहिली आईची टोपपदरी इरकल. हिचे अंग सुती आणि पदर रेशमाचा. विणकर अंगाच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, पदराचा ताणा फासे घालून जोडतो. अंग मध्ये विरून गेले होते, पदर मात्र होता तसाच लाल होता. ती म्हणाली, “काकू, पदराची ओढणी करू या का?” मी तिला लगेच हो म्हटले नाही. दोन दिवस ती साडी खुर्चीवर तशीच ठेवली आणि तिसऱ्या दिवशी शिंप्याकडे घेऊन गेले. फाशांची ती ओळ मात्र कापू नका, असे त्याला दोनदा सांगितले. आज ध्वनिमुद्रणासाठी आले आहे, तीच ओढणी घेऊन. नमस्कार.