भांडत वाचायची पुस्तकं

(नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

हा कार्यक्रम ठरत होता तेव्हा एकानं शंका काढली, की नागपुरात गिर्यारोहणाच्या जुन्या पुस्तकांवर ऐकायला येणार कोण? सह्याद्री गाठायचा तर रात्रभराची गाडी, हिमालय त्याहून लांब आणि शहरातला नावाजलेला डोंगर म्हणजे सीताबर्डीची टेकडी. मी त्यांना हिंगणघाटची आठवण करून दिली. इथून दीड-दोन तासांवरच्या त्या गावात विल्यम लॅम्बटनची कबर आहे. १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून हा माणूस निघाला आणि देशाची त्रिकोणमितीय मोजणी करत उत्तरेकडे सरकत राहिला. १८२३ च्या जानेवारीत हैदराबादहून नागपूरकडे येताना वाटेतच गेला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टनं ते काम हाती घेतलं आणि त्याच मोजणीतून १८५६ साली 'पीक फिफ्टीन'ची, म्हणजे आजच्या एव्हरेस्टची, उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. त्या मोजणीचा पहिला म्होरक्या आपल्या शेजारच्या जिल्ह्यात झोपलाय. या विषयावर बोलायला आपला एवढा हक्क पुरे.

शिवाय वाचायला डोंगर जवळ असावाच लागतो असं कुठे आहे? मे महिन्यात कूलरला नवी खस लावायची, पंचेचाळीस डिग्रीत दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि हिमदंशाची वर्णनं वाचायची. हे सुख पुण्या-मुंबईकडच्यांना कळायचं नाही.

आता मुद्दा. आज चढाईला जाणाऱ्या पोरांकडे हलकी जॅकेटं आहेत, हवामानाचा अंदाज फोनवर येतो, शिखराचा व्हिडिओ आधीच बघून झालेला असतो. तरी ही मंडळी १८७१ सालचं, १९३७ सालचं पुस्तक वाचत बसलेली दिसतात. का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: प्रेरणा मिळते. मला हे फारसं पटत नाही. प्रेरणा पोस्टरवरूनही मिळते. गिर्यारोहकांच्या गप्पा ऐका. दोन चढणारे या पुस्तकांवर बोलायला लागले की पाचव्या मिनिटाला आवाज चढतात. त्यानं तिथून परत फिरायला हवं होतं. छे, तू असतास तर फिरला असतास का? माझ्या मते या पुस्तकांची खरी ओढ ही आहे. ती हात जोडून वाचली जात नाहीत, भांडत वाचली जातात.

एडवर्ड व्हिंपर घ्या. धंद्यानं लाकडावर चित्रं कोरणारा. १८६० साली लंडनच्या एका प्रकाशकानं आल्प्सची चित्रं काढून आणायला पाठवलेला हा वीस वर्षांचा पोरगा तिथल्या मॅटरहॉर्न शिखराच्या नादी लागला. अनेक प्रयत्न फसले. एकदा एकटाच असताना दोनेकशे फूट घरंगळला आणि वाचला. शेवटी १४ जुलै १८६५ रोजी सात जण माथ्यावर पोहोचले. इटलीच्या बाजूनं कारेल नावाचा गाइड त्याच दिवसांत चढत होता. तो खाली दिसला तेव्हा या मंडळींनी आपण जिंकलो हे कळवायला वरून दगड लोटले! एवढा उतावळेपणा व्हिंपर स्वतःच लिहून ठेवतो.

उतरताना घात झाला. एकोणीस वर्षांच्या, फारसा अनुभव नसलेल्या हॅडोचा पाय सटकला. तो पुढच्या क्रो या गाइडवर आदळला, त्या दोघांनी हडसन आणि लॉर्ड डग्लस यांना ओढलं आणि डग्लस व म्हातारा गाइड टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला. चौघं गेले, तिघं वाचले. डग्लसचा देह आजवर सापडलेला नाही. तुटलेल्या दोराचा तुकडा पायथ्याच्या झेरमाट गावातल्या संग्रहालयात आहे.

भांडण सुरू होतं ते इथे. तुटला तो दोर सोबतच्या दोरांपैकी सर्वांत जुना आणि कच्चा होता. चांगला दोर भरपूर शिल्लक होता. मग हा कुणी बांधला? व्हिंपर टाउगवाल्डरकडे बोट दाखवतो. पण त्याचंच पुस्तक सावकाश वाचा. खाली मंडळी दोर बांधत होती तेव्हा व्हिंपर काय करत होता? माथ्याचं चित्र काढत होता. मग कुणाला तरी आठवलं, बाटलीत नावं लिहून ठेवायची राहिली. ते कामही त्यानंच केलं. दोर कुणी तपासला याबद्दल मात्र शब्द नाही. आणि थोड्या वेळानं डग्लसनंच व्हिंपरला म्हातार्‍याशी दोर जोडून घ्यायला सांगितलं, कारण कुणी घसरलं तर एकट्या टाउगवाल्डरला ते पेलणार नाही अशी त्याला धास्ती वाटली. म्हणजे धोका दिसलेला होता. झेरमाटला चौकशी झाली, टाउगवाल्डर निर्दोष सुटला, पण संशय त्याच्या मानेवरून उतरला नाही. ज्यानं कधी दोराच्या टोकाला माणूस बांधलाय त्याला ही पानं वाचून झोप लागत नाही. प्रत्येक जण मनातल्या मनात गाठी तपासून बघतो.

फ्रेंच गिर्यारोहक मोरिस हर्झॉगच्या 'अन्नपूर्णा' या पुस्तकाचं तसंच. ३ जून १९५० रोजी हर्झॉग आणि त्याचा साथीदार लुई लाशनाल अन्नपूर्णेच्या ८,०९१ मीटरच्या माथ्यावर उभे राहिले. आठ हजार मीटरवरच्या एखाद्या शिखरावर माणसाचा पाय लागला तो पहिल्यांदा, आणि तोही प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय. नकाशे इतके चुकीचे होते की पहिले कित्येक आठवडे डोंगर शोधण्यातच गेले. माथ्याच्या थोडं अलीकडे लाशनाल विचारतो, मी परत फिरलो तर तू काय करशील? हर्झॉग म्हणतो, एकटा पुढे जाईन. लाशनाल म्हणतो, मग मी येतो. पुस्तकात हा प्रसंग मैत्रीचा म्हणून येतो आणि डोळे भरून येतात.

परतताना हर्झॉगनं पिशवी उघडायला हातमोजे काढून ठेवले आणि ते उतारावरून घसरत गेले. त्यानं ते जाताना नुसते बघितले. पिशवीत जादा पायमोजे होते. ते हातात चढवता आले असते, पण त्याला सुचलं नाही. उंचीवर डोकं कसं चालतं, किंवा चालत नाही, हे कुठल्याही प्रशिक्षणाच्या वर्गात यापेक्षा नीट शिकवता येणार नाही. पुढचं आपल्या ओळखीच्या मुलखात घडतं. मोहिमेचा डॉक्टर ऊदो गोरखपूरकडे जाणाऱ्या रेल्वेच्या डब्यात, गाडी स्टेशनात थांबेल तेवढ्या वेळात सडलेली बोटं कापतो आणि ती डब्यातून केरासारखी झाडून काढतात. मे-जूनमध्ये त्या बाजूनं रेल्वेनं गेलेल्याला तो उकाडा, त्या माश्या, सगळं कळेल. हर्झॉगनं हे पुस्तक इस्पितळात पडून तोंडी सांगितलं, कारण लिहायला बोटं उरली नव्हती.

आता दुसरी बाजू. मोहिमेतल्या बाकीच्यांकडून पाच वर्षं काही छापणार नाही असं लिहून घेतलेलं होतं. लाशनाल १९५५ मध्ये बर्फावर स्की करताना हिमभेगेत पडून गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या टिपणांचं पुस्तक निघालं, तेही काटछाट होऊन. संपादनात हर्झॉगचा भाऊ होता. मूळ मजकूर संपूर्ण छापला गेला १९९६ साली. त्यात लाशनाल सांगतो की शिखराची त्याला फिकीर नव्हती. हर्झॉग एकटा गेला तर परत येणार नाही, म्हणून तो सोबत गेला. तो आल्प्समधल्या शामोनी गावचा गाइड, पायांवर पोट असलेला माणूस, आणि त्या पायांची सगळी बोटं त्यानं गमावली. हर्झॉग पुढे फ्रान्सचा मंत्री झाला. हे कळल्यावर पहिलं पुस्तक टाकून द्यायचं का? मी म्हणेन, आता ते खरं वाचायला लागा. तोच संवाद पुन्हा काढून वाचा, तोच प्रश्न आणि तेच उत्तर. शब्द बदललेले नाहीत, पण लाशनालचा आवाज पार वेगळा ऐकू येतो.

इतकं रक्त नको असेल तर शिप्टन आणि टिलमन या इंग्रज जोडीची नंदादेवीवरची दोन पुस्तकं. हे माझे लाडके, पक्षपात मान्य. १९३४ साली हे दोघं आणि अंगथार्के, पासांग, कुसांग हे तीन शेर्पा ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या पायथ्याशी शिरले. त्याआधी तिथे कुणाला वाट सापडली नव्हती. त्याच वर्षी ते बद्रीनाथहून केदारनाथच्या बाजूला डोंगर ओलांडून गेले. एकच पुजारी एका दिवसात दोन्हीकडे पूजा करायचा ही दंतकथा आपल्यापैकी यात्रेला गेलेल्यांनी ऐकली असेल. ती वाट शोधायला हे निघाले आणि पलीकडच्या जंगलात अडकले. शिधा संपत आला, पाऊस थांबेना, मग कोवळ्या बांबूच्या कोंबांवर दिवस काढले. आणि त्या कोंबांवर अस्वलांचाही डोळा होता! हे सगळं अशा सुरात लिहिलंय, की जणू भाजीबाजारात थोडा उशीर झाला.

१९३६ साली टिलमन आणि ओडेल नंदादेवीच्या माथ्यावर गेले. ७,८१६ मीटर. त्यानंतर चौदा वर्षं, अन्नपूर्णेपर्यंत, माणूस चढलेलं सर्वांत उंच शिखर हेच होतं. खरं तर ओडेलसोबत चार्ल्स ह्यूस्टन जाणार होता. वरच्या कॅम्पवर डब्यातलं खराब मांस खाऊन तो आजारी पडला. ओडेलनं खाली ओरडून सांगितलं, चार्ली आजारी आहे. वाऱ्यात खालच्यांना ऐकू आलं, चार्ली मेला. धावतपळत वर पोहोचले तर चार्ली तंबूत जिवंत. त्याच्या जागी टिलमन गेला. आणि माथ्यावर काय केलं? आम्ही इतके वाहवलो की चक्क हस्तांदोलन केलं, असं तो लिहितो. आज शिखरावरून निघणाऱ्या व्हिडिओंच्या शेजारी हे वाक्य ठेवून बघा. नंदादेवीचा तो आतला भाग १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चढाईसाठी बंद आहे. तिथे जायचं तर या दोन पुस्तकांतूनच.

ममरी या इंग्रज गिर्यारोहकाबद्दल थोडक्यात सांगतो. शिखर आधी अजिंक्य असतं, मग सर्वांत अवघड आणि शेवटी बायकांसाठी एका दिवसाची सोपी सहल, असं त्याचं गाजलेलं वचन. पण त्याच पुस्तकात एक आख्खं प्रकरण त्याच्या बायकोनं, मेरीनं लिहिलंय, एका भयंकर धारेवरच्या चढाईचं, आणि त्यात तिनं पुरुषांच्या या समजुतींची सालटी काढलीत. घरातलं भांडण पुस्तकात आलं, बरंच झालं. १८९५ मध्ये पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी ममरी नंगा पर्बतावर रघुवीर आणि गोमान सिंग या दोन गुरखा साथीदारांसह नाहीसा झाला.

या दोघांची नावं मी मुद्दाम घेतली. या पुस्तकांशी आपलं, म्हणजे या देशातल्या वाचकांचं, एक वेगळं भांडण आहे. पानोपानी 'कुली' येतात, आकड्यांत येतात. ७ जून १९२२ रोजी एव्हरेस्टच्या नॉर्थ कोल या खिंडीखाली हिमप्रपातात सात भारवाहक मेले, आणि गोरा एकही नाही. त्या मोहिमेतला सॉमरवेल पुढे लिहितो, आमच्यातला एखादा तरी का गेला नाही? हा माणूस नंतर त्रावणकोरमध्ये मिशनच्या इस्पितळात डॉक्टर म्हणून राहिला. अशी टोचणी जुन्या पुस्तकांत क्वचित सापडते, म्हणून सापडली की ठळक दिसते. शेर्पांची बाजू यायला १९५०चं दशक उजाडावं लागलं. अंगथार्केच्या आठवणी १९५४ मध्ये फ्रेंचमध्ये निघाल्या, इंग्रजीत यायला २०१६ साल लागलं. १९५५ मध्ये तेनसिंगचं पुस्तक आलं. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यानं ते सांगितलं. एव्हरेस्टवर आधी कोण, या प्रश्नानं वाद पेटला होता. त्यानं तो सरळ मिटवला: माथ्यावर पहिलं पाऊल हिलरीचं.

मराठीत गोनीदांनी आपल्याला किल्ल्यांवर फिरवलं. पण तिथे वाट पूर्वजांनी घातलेली असते, आपण ती शोधून काढतो. या पुस्तकांत वाटच नसते. कुठून जायचं, किती वाजता फिरायचं, दोर कुणाच्या हातात द्यायचा, हे तिथेच, थंडीत, अर्धवट माहितीवर ठरवावं लागतं. आज ठरलेल्या मार्गावर आधीच दोर लावलेले असतात, फिरायची वेळ खाली बसलेला माणूस सॅटेलाइट फोनवर सांगतो. सुरक्षितता वाढली, चांगलंच झालं. पण त्या चढाईवर लिहिलेल्या पुस्तकात वाचकानं भांडायचं कुणाशी?

सुरुवात कुठून करावी, असं दोघा-तिघांनी मघाशी विचारलं. टिलमनपासून करा. व्हिंपर आणि ममरी स्वामित्वहक्कातून केव्हाच मोकळे झालेत, नेटवर फुकट मिळतात. हिमालयन क्लबचं १९२९ पासूनचं जर्नलही तसंच वाचायला मिळतं. अन्नपूर्णा वाचाल तर लाशनाल हाताशी ठेवा. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतले काका मॅटरहॉर्नचं नाव निघाल्यापासून मान हलवतायत. दोष टाउगवाल्डरचाच होता असं त्यांचं म्हणणं दिसतंय. माइक आधी त्यांना द्या.