सहीखालचा नंबर

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘पशुवैद्यकांची नोंदणी आणि आचारसंहिता’. तिकडे येतोच. आधी कुत्र्यामांजरांची लसीकरणाची पुस्तकं आणली असतील तर बाहेर काढा. रेबीजचं पान उघडा. बाटलीवरचं स्टिकर आहे, तारीख आहे, शिक्का आहे. शिक्क्यावर दवाखान्याचा फोन आहे, ‘रविवारी बंद’सुद्धा आहे. आता लस देणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक शोधा. सापडत नाही ना? माझं भांडण तिथंच आहे.

परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886चं. सबंध देशासाठी पशुवैद्यक परिषदेचा कायदा यायला मात्र 1984 उजाडलं. त्या कायद्याचं 30वं कलम सांगतं की प्रॅक्टिस नोंदणीकृत पशुवैद्यकानंच करायची. त्याला एक अपवाद आहे. राज्य सरकारच्या आदेशानं पदविका किंवा प्रमाणपत्र असलेला माणूस किरकोळ सेवा देऊ शकतो: लस टोचणं, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी. पण नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. ‘डॉक्टर लग्नाला गेलेत, मीच टोचतो’ ही देखरेख नव्हे. आणि प्रमाणपत्रावर सही करण्याचा अधिकार त्याच कलमानं फक्त नोंदणीकृत पशुवैद्यकाला दिलाय. सुई एक वेळ दुसऱ्याच्या हातात चालेल, पेन नाही.

पेनाला एवढं महत्त्व का? समजा, अंधेरीचं एक कुटुंब कुत्रा घेऊन जर्मनीला निघालंय. युरोपीय संघाचा नियम असा: आधी 15 आकडी मायक्रोचिप, मग रेबीजची लस. चिप आणि लस एकाच दिवशी चालते, पण चिपच्या आधीची लस धरत नाहीत. पुस्तकात लस 10 जानेवारीची, चिप 12ची. दोनच दिवसांचा फरक, पण ती लस बाद. 1 फेब्रुवारीला पुन्हा टोचली, तर रक्त घ्यायचं किमान 30 दिवसांनी, म्हणजे 3 मार्चला. त्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे लसीमुळे तयार होणारी रोगाशी लढणारी प्रथिनं, मिलीलिटरमागे 0.5 आंतरराष्ट्रीय युनिट तरी भरली पाहिजेत, आणि भरली तरी रक्त घेतल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. जून आला! माणसांची तिकिटं एप्रिलची. (हसू नका, त्यांना विचारा.) अशा वेळी ‘तारीख जरा मागची टाका ना, डॉक्टर’ ही विनंती होते. डॉक्टर ऐकतो, तेव्हा आपलं नाव रजिस्टरमधून कमी व्हायला स्वतःच कारण देतो.

बरं, लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवायची असते. बर्फाला टेकून गोठली की बाद, आणि हे स्टिकर पाहून कळत नाही. म्हणून म्हणतो, स्टिकर बाटलीबद्दल सांगतं, जबाबदारी सहीवाला घेतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे पत्रिकेतला विषय आता पळत पळत.

औषधाची चिठ्ठी. शेड्यूल एच म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांची सरकारी यादी. तिच्यातल्या औषधासाठी चिठ्ठी लेखी हवी, सही आणि तारखेसह. डोस आणि एकूण किती द्यायचं हेही हवं, आणि प्राण्याच्या मालकाचं नाव-पत्ता. नुसतं ‘मोती, वय 4’ चालत नाही. कायदा मोतीला ओळखत नाही, त्याच्या मालकाला ओळखतो. भुलीचं औषध केटामीन त्याहून कडक अशा शेड्यूल एक्स यादीत आहे, त्याची चिठ्ठी दोन प्रतींत. एक केमिस्टनं दोन वर्षं जपायची. गुरांना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक लिहायचं नाही. ते दिलेल्या मेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडं मेली, 2006पासून जनावरांसाठी बंदी आहे.

आचारसंहिता 1992ची. जाहिरातबाजी करून गिऱ्हाईक ओढायचं नाही. लॅबकडून, केमिस्टकडून कमिशन घ्यायचं नाही. आता ‘अमुक दुकानातलंच खाद्य घ्या’ कुठं बसतं, ते तुम्हीच ठरवा.

तक्रार करायची तर महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे, नागपूरला, लेखी. सोबत केसपेपर, बिलं, चिठ्ठ्या, तारखा आणि तो नोंदणी क्रमांक. परिषद वर्तणूक तपासते, नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोग वेगळा. केसपेपर उपचार चालू असतानाच मागून घ्या. भांडण झाल्यावर तो हमखास ‘सापडत नाही’.