शेंगदाण्याचा रकाना

(पडद्यावर जुलै महिन्यातील सकाळचे सोलापूर रेल्वे स्थानक दिसते. निवेदन समन्वयिकेच्या स्वतःच्या आवाजात आहे.)

रात्री मुंबईहून सुटलेली सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी सोलापूर स्थानकात शिरते, तेव्हा फलाटावर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या कुटुंबाच्या हातात हार असतो आणि माझ्या हातात फाइल असते. हाराचे काम पाच मिनिटांत आटोपते. फाइल मात्र पुढचे चार आठवडे माझ्या पिशवीतच मुक्कामाला असते, कारण तिच्यात आलेल्या मुलाचे किंवा मुलीचे आरोग्यपत्रक, विम्याचे कागद, आईवडिलांचे संमतिपत्र आणि पारपत्राच्या प्रती असतात.

मी वर्षभर एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते आणि मे ते ऑगस्ट या काळात एका उन्हाळी युवक विनिमय कार्यक्रमाची सोलापुरातील समन्वयक म्हणून काम पाहते. परदेशातून सोळा-सतरा वर्षांची मुले येथे येऊन येथील घरांत राहतात आणि येथील काही मुले शालेय वर्षासाठी अमेरिकेत जातात. ओळखीचे लोक मला विचारतात, "म्हणजे तुम्ही त्यांना गाव दाखवता ना?" गाव दाखवण्यास दोन दिवस पुरतात. सिद्धेश्वराचे तळे, भुईकोट किल्ला आणि इंद्रभुवनाची इमारत एवढे पाहून झाले की उरलेले सव्वीस दिवस त्या मुलाला कोणाच्या तरी घरात साधेपणाने राहायचे असते, आणि माझे खरे काम त्या सव्वीस दिवसांचे आहे.

घरात राहून देश समजून घेण्याची ही पद्धत जुनी आहे. अमेरिकन फील्ड सर्व्हिस ही संघटना पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, फ्रान्सच्या आघाडीवरील जखमींना रुग्णवाहिकांतून नेणाऱ्या स्वयंसेवकांचे दल म्हणून उभी राहिली. दुसरे महायुद्ध संपल्यावर याच स्वयंसेवकांनी १९४७ मध्ये शाळकरी मुलांना परदेशातील कुटुंबांत ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. आज अनेक संस्था हे काम करतात आणि त्या सर्वांच्या नियमावल्यांमध्ये समन्वयक नावाचा एक मधला माणूस असतोच.

हा मधला माणूस जवळचा असावा, यावर अमेरिकेच्या नियमांचा विशेष कटाक्ष आहे. तेथे शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याच्या घरापासून स्थानिक समन्वयक १२० मैलांच्या आत, म्हणजे सुमारे १९३ किलोमीटरच्या आत राहणारा असावा लागतो, आणि त्याने दर महिन्याला विद्यार्थ्याशी व यजमान कुटुंबाशी संपर्क साधावा लागतो. यजमान घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीची गुन्हेविषयक पार्श्वभूमीही तपासली जाते. हा नियम भारताला लागू नाही. तथापि पुणे आपल्यापासून अडीचशे किलोमीटरवर आहे, त्यामुळे तोच निकष लावला तर पुण्यात बसून सोलापूरचे काम पाहता येणार नाही, हे मी आमच्या बैठकीत नकाशा पुढे ठेवून सांगितले होते. सोलापूरला स्वतंत्र समन्वयक मिळण्याचे श्रेय मी अर्धे त्या नकाशाला देते.

(पडद्यावर दुपारच्या उन्हातील गच्ची आणि पाण्याचे पिंप दिसतात.)

कार्यक्रमाच्या नावात उन्हाळा आहे, पण तो त्यांचा उन्हाळा आहे. युरोपातील शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी असते, तर आपल्या शाळा जूनच्या मध्यास सुरू होतात. त्यामुळे पाहुणा मोकळा असतो आणि यजमान घरातील मूल सकाळी दप्तर घेऊन बाहेर पडते. शिवाय येणाऱ्या मुलांनी भारतातील जुलै म्हणजे धो धो पाऊस असे वाचलेले असते आणि त्यांच्या पिशव्यांत दोन-दोन रेनकोट असतात. सोलापूर पर्जन्यछायेत येते आणि येथे पावसाचा जोर सप्टेंबरात असतो, हे मी दरवर्षी पत्राने कळवते आणि दरवर्षी रेनकोट येतातच.

यजमान घरांची निवड मात्र मे महिन्यातच, खऱ्या सोलापुरी उन्हाळ्यात करावी लागते. पारा बेचाळीस अंशांच्या पुढे असताना मी एका घरातून दुसऱ्या घरी जाते आणि प्रत्येक ठिकाणी आधी न्हाणीघराची कडी लावून पाहते. हे ऐकून कोणी हसेल. परंतु घर तीन मजली असले, दिवाणखान्यात झुंबर असले आणि न्हाणीघराची कडी मात्र आतून नीट बसत नसली, तर सोळा वर्षांची परकी मुलगी त्या घरात एक रात्रही निर्धास्त झोपणार नाही. कडी बसवून घ्यायला सुतार लागतो. तो आला की नाही हे पाहायला मी दुसऱ्यांदा जाते.

आमच्या अर्जात पाहुण्यासाठी स्वतंत्र पलंग आहे का, असा एक प्रश्न आहे. अमेरिकेच्या नियमांत तर हा पलंग घडीचा किंवा हवा भरून फुगवायचाही चालत नाही. मी हा प्रश्न वाचून दाखवते तेव्हा मे महिन्यातील यजमान एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात, कारण त्या दिवसांत अख्खे घर गच्चीवर चादरी अंथरून झोपलेले असते आणि खालचे पलंग रिकामे पडलेले असतात. मी "पलंग आहे" असे लिहून घेते. गच्चीसाठी अर्जात जागा नाही.

पाण्याबद्दल मात्र मी काहीही हातचे राखत नाही. सोलापुरात नळाला रोज पाणी न येणे वर्षानुवर्षे अंगवळणी पडले आहे आणि अनेक भागांत ते चार-पाच दिवसांआड येत आले आहे. पाणी येणार त्या दिवशी घरातील प्रत्येकाची भूमिका ठरलेली असते: कोणी मोटार लावतो, कोणी पिंप घासतो, कोणी पिण्याचे पाणी गाळून घेतो. पाहुण्याला या धावपळीतून वगळू नका, त्याच्या हाती बादली द्या, असे मी आवर्जून सांगते. जर्मनीहून आलेल्या एका मुलीने माझ्याशी मराठीत बोललेले पहिले संपूर्ण वाक्य "आज पाणी येणार आहे" हे होते. ती पूर्व भागातील ज्या विणकर घरात राहत होती, तेथे आजी तेलुगू बोलत, मुले आपसात मराठी बोलत आणि शेजारी कन्नड चाले. त्यामुळे तिच्या वहीत पाण्यासाठी तीन शब्द लिहिलेले होते.

काही घरांना मी नकार देते. "आमच्या मुलाचे इंग्रजी सुधारेल" हेच ज्यांचे पहिले वाक्य असते, त्यांच्याकडे पाहुणा महिनाभर बिनपगारी शिकवणी घेत बसतो, असा माझा अनुभव आहे. असा नकार कळवताना मी कारण सांगत नाही, आणि त्याबद्दल माझ्यावर गावात थोडा रागही आहे.

(पडद्यावर दगडी उखळात कुटली जाणारी चटणी जवळून दिसते.)

आता माझ्या चुकीविषयी. समन्वयक म्हणून माझे दुसरे वर्ष होते. डेन्मार्कहून येणाऱ्या मुलाच्या आरोग्यपत्रकात त्याला नट्सची ॲलर्जी असल्याचे लिहिले होते. यजमान कुटुंबासाठी पत्रकाचा मराठी तर्जुमा करणे माझ्याकडे होते आणि मी निःशंकपणे "सुकामेवा" असे लिहिले. घरातील काकूंनी तो कागद इतक्या गांभीर्याने घेतला की काजू, बदाम आणि पिस्त्यांचे डबे त्यांनी महिनाभरासाठी जावेच्या घरी पोहोचवले. तिसऱ्या दिवशी त्यांनी भरल्या वांग्याची भाजी केली.

शेंगदाणा हा सुकामेवा नव्हे. सोलापुरातील कोणत्याही घरात विचारले तर कोणीही हेच सांगेल, कारण सुकामेवा दिवाळीत विकत आणायचा असतो आणि शेंगदाणे पोत्याने घरात असतात. त्या मुलाच्या भाषेत मात्र तो त्याच एका शब्दात मोडत होता. दोन घास खाल्ल्यावर त्याचे ओठ सुजू लागले आणि मानेवर गांधी उठल्या. अशा रुग्णाने ॲड्रेनालिनचे तयार इंजेक्शन जवळ बाळगायचे असते. ते त्याच्या पिशवीत होते, आणि ते कसे टोचायचे हे त्या खोलीत केवळ त्यालाच ठाऊक होते. त्याने ते स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. त्यानंतर आम्ही त्याला रुग्णालयात नेले आणि रात्रभर देखरेखीखाली ठेवले. सकाळी तो उठून बसला आणि भूक लागली म्हणाला. काकू मात्र त्या दिवशी जेवल्या नाहीत.

त्याच्या आईवडिलांना झालेला प्रकार मी स्वतः दूरध्वनीवरून सांगितला आणि चूक माझ्या भाषांतराची आहे, हेही सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी, आता तो कोठे जेवणार, एवढेच विचारले.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी काकूंच्या स्वयंपाकघरात एक दुपार बसले आणि आम्ही दोघींनी एकेक डबा उघडून पाहिला. भाजीला दाटपणा यावा म्हणून दाण्याचा कूट, कोशिंबिरीवर कूट, उपवासाच्या खिचडीत कूट, डब्यात शेंगापोळ्या, आणि भाकरीबरोबर लागते म्हणून रोजची शेंगा चटणी. ही चटणी उखळात दाण्यांना तेल सुटेपर्यंत कुटावी लागते, त्यामुळे उखळ कितीही धुतले तरी दगडाच्या खाचांत तेल राहतेच. मिक्सरच्या ज्या भांड्यात कूट होतो, त्यातच खोबऱ्याची चटणीही वाटली जात होती. फोडणीचे तेलही घाण्यावरून आणलेले शेंगतेल होते. रिफाइंड तेलातून प्रथिने जवळजवळ निघून गेलेली असतात, तर घाण्याच्या तेलात ती राहू शकतात, हे मला त्या आठवड्यात डॉक्टरांकडून कळले. काकूंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आमच्या सासूबाई करडईचंच तेल वापरायच्या."

त्या घरात पुन्हा करडईचे तेल आले. कुटाच्या जागी भाजलेले खोबरे आले, नवे मिक्सरचे भांडे आले आणि उखळ गोणपाटात बांधून माळ्यावर गेले. मुलाला दुसऱ्या गावी हलवावे, असा विचार मी करत होते. त्याने नकार दिला आणि काकूंनीही दिला. तो उरलेले साडेतीन आठवडे तेथेच राहिला. त्यानंतर आमच्या मराठी अर्जात शेंगदाण्यासाठी स्वतंत्र रकाना आहे आणि त्याखाली कूट, चटणी, शेंगापोळी व शेंगतेल ही नावे एकेक करून छापली आहेत. ॲलर्जीची तीव्रता जास्त असेल, तर आम्ही त्या मुलाला सोलापूर देतच नाही.

(पडद्यावर शहरातून जाणारी पालखी दिसते.)

आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला. त्यामुळे माझे वेळापत्रक युरोपच्या दिनदर्शिकेवर ठरत असले, तरी अंतिम होण्याआधी ते पंचांगाशी ताडून पाहावे लागते. शेगावहून पंढरपूरला जाणारी गजानन महाराजांची पालखी सोलापूर शहरातून जाते आणि त्या दिवसांत येथील कित्येक घरांत अनोळखी माणसे जेवतात, विसावतात.

परदेशी व्यक्ती घरी उतरली, तर २४ तासांच्या आत तिची माहिती ठरलेला अर्ज भरून शासनाला कळवणे यजमानावर बंधनकारक असते. हॉटेलप्रमाणेच खासगी घरालाही हा नियम लागू आहे. हा अर्ज भरताना एका यजमान आजोबांनी मला विचारले, "दरवर्षी माझ्या ओसरीवर वीस वारकरी असतात, त्यांची नावंसुद्धा मला माहीत नसतात. मग या एका पोरीचं एवढं काय?" मी त्यांना नियम सांगितला. त्यांचे समाधान झाले नाही, पण सही त्यांनी केली.

मुलांचे रडणे बहुधा दुसऱ्या आठवड्यात येते. पहिला आठवडा नवलाईत जातो. नंतर एके दिवशी मूल दुपारी खोलीतून बाहेर येत नाही आणि यजमान घाबरून मला फोन करतात. अशा वेळी मी लगेच जात नाही. संध्याकाळपर्यंत थांबते, कारण चारपैकी तीन वेळा चहाच्या सुमारास मूल आपणहून खाली येते. चौथ्या वेळी मात्र जावेच लागते, आणि ही चौथी वेळ कोणती हे केवळ फोनवरील आवाजावरून ओळखावे लागते. ते मला अजूनही दरवेळी साधत नाही.

फ्रान्सहून आलेल्या अशाच एका मुलाला मी विरंगुळा म्हणून चादरीच्या कारखान्यात नेले होते. सोलापुरी चादरीची नक्षी ज्या जेकार्ड यंत्रणेवर उतरते, ती त्याच्याच देशातील लिओं शहराची देणगी आहे, हे सांगण्याची मी चांगली तयारी केली होती. त्याने ते शांतपणे ऐकले आणि मागाच्या खडखडाटात खुर्चीवर बसल्या बसल्या झोपलेल्या मुकादमाकडे बोट दाखवून तो आठ दिवसांत प्रथमच हसला.

भय्या चौकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मारकात मी प्रत्येक गटाला नेते, पण दुसऱ्या आठवड्यात नेत नाही. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, तेथील जखमी सैनिकांवर उपचार करत राहिला, तेथेच त्याने संसार मांडला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच त्याचा अंत झाला. घरची आठवण येऊन रडणाऱ्या मुलाला घरी न परतलेल्या माणसाची कथा सांगणे मला प्रशस्त वाटत नाही.

(पडद्यावर घरात उघडी पडलेली प्रवासाची बॅग आणि शेजारी वजनकाटा दिसतो.)

ऑगस्टमध्ये दिशा उलटते. येथील मुले शालेय वर्षासाठी अमेरिकेत जाण्यास निघतात आणि मी त्यांच्या यजमान घरांची पत्रके वाचू लागते. गेल्या वर्षी निघालेल्या एका मुलीच्या आजीने नातीसाठी दोन किलो शेंगा चटणी कुटून डब्यात दाबून भरली होती. पत्रकात लिहिले होते की त्या घरातील सात वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे.

ती निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. आजींना सर्व समजावून सांगितले. त्यांनी डबा बॅगेतून काढला आणि बराच वेळ मांडीवर धरून ठेवला. "म्हणजे त्या लेकरानं शेंगा कधीच खाल्ल्या नाहीत?" त्यांनी विचारले. मी नाही म्हणाले. त्या उठल्या, जवसाचा डबा खाली घेतला आणि सुनेला म्हणाल्या, "उखळ नको. शेजारच्यांकडून खलबत्ता आण, आणि तो तरी शेंगांचा नाही ना, ते आधी विचार."

शेजारच्या खलबत्त्यात त्या सकाळी शेंगाच कुटल्या होत्या. रात्री नऊ वाजता आम्ही नवा खलबत्ता घ्यायला बाहेर पडलो.